अठरा पूर्ण झालेल्या दिव्यांग मुलाचं कायदेशीर पालकत्व: फाइल परत येऊ नये म्हणून

काउंटरवरची मुलगी स्वभावानं चांगली होती. तिनं पासबुक पाहिलं, स्क्रीनवरची जन्मतारीख पाहिली आणि म्हणाली, "काकू, हा आता मेजर झाला. तुमची सही चालणार नाही, त्याची घ्या." लेक शेजारीच उभा होता, दोरीला बांधलेलं पेन ओढून ओढून सोडत होता. त्याला डाउन सिंड्रोम आहे. सही म्हणजे काय हे त्याला कळतं, पण ती कशावर करतोय हे कळत नाही.

अठराव्या वाढदिवसाला आईवडिलांचा नैसर्गिक पालक म्हणून असलेला अधिकार संपतो. मूल कितीही परावलंबी असलं तरी संपतो. पुढे सही करायची तर कुणीतरी रीतसर नेमलेलं असावं लागतं. आमची फाइल दोनदा परत आली आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती. नंतर आमच्या पालकगटातल्या बऱ्याच जणांच्या फायली भरायला बसले, तर त्याच चार-पाच चुका फिरून फिरून दिसल्या. म्हणून हे क्रमानं लिहिते आहे. वाचून लगेच अर्ज भरायला घेऊ नका. आधी सगळं एकदा शेवटपर्यंत वाचा, कारण सातव्या टप्प्यातल्या अडचणीचं मूळ बहुतेक वेळा चौथ्या टप्प्यात असतं.

## टप्पा १: आपलं दार कोणतं ते आधी ओळखा

निम्मे लोक इथेच चुकतात. पालकत्वाची एकच खिडकी नाही. कारण काय आणि वय किती, यावर कुठे जायचं ते ठरतं.

स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल आणि १८ पूर्ण झाली असतील, तर राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) कायदा, १९९९. त्याच्या कलम १४ खाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. कोर्टात जावं लागत नाही, वकील लागत नाही, एजंट तर मुळीच लागत नाही. हा लेख मुख्यतः याच वाटेबद्दल आहे.

मूल अठराच्या आतलं असेल आणि आईवडील हयात असतील, तर काहीच करायचं नाही. तुम्हीच पालक आहात. फक्त सतरावं लागलं की चौथ्या टप्प्यातली कागदपत्रं जमवायला घ्या.

अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाचे आईवडील दोघेही नसतील, तर काका, मामा, आजी यांनी पालक व पाल्य कायदा, १८९० खाली न्यायालयात अर्ज करायचा, आणि तोही मूल नेहमी जिथे राहतं त्या भागातल्या न्यायालयात. मुलाच्या ताब्याचा व संगोपनाचा प्रश्न असेल आणि तिथे कुटुंब न्यायालय असेल तर ते त्यांच्याकडे जातं. मिळकतीचा प्रश्न जिल्हा न्यायालयाकडे. सोबत होणाऱ्या पालकाचं 'मी तयार आहे' असं सहीचं निवेदन लागतं, त्यावर किमान दोन साक्षीदार. नोटरीकडे शंभर रुपयांच्या कागदावर 'आजपासून भाचीचं पालकत्व मी स्वीकारतो' असं लिहून आणलेले मामा मी पाहिले आहेत. त्या कागदानं कुणी पालक होत नाही. आणि अज्ञान मुलाची जमीन किंवा घर न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकू नका. सज्ञान झाल्यावर ३ वर्षांच्या आत ते मूल तो व्यवहार रद्द करून मागू शकतं.

वडिलांना स्मृतिभ्रंश, नवरा अपघातानंतर कोमात, अशा वेळी स्थानिक स्तर समितीला अधिकार नाही. कोमातल्या माणसासाठी पालक नेमण्याची सोय कोणत्याच कायद्यात सरळ लिहिलेली नाही, त्यामुळे उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कोमातल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमलं ते असंच. तयारीत वैद्यकीय अहवाल, मालमत्तेची यादी आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत हे तिन्ही धरा.

मानसिक आजार असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात 'नामनिर्देशित प्रतिनिधी' असतो, पण तो उपचारांपुरता. त्याच्या सहीवर बँकेतला एक रुपयाही हलत नाही. मालमत्तेसाठी पालक नेमण्याची तरतूद १९८७ च्या जुन्या कायद्यात होती, ती त्याच्यासोबत गेली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १४ मध्ये 'मर्यादित पालकत्व' (ठरावीक निर्णयासाठी आणि ठरावीक काळापुरतं) आहे, त्यासाठी जिल्हा न्यायालय. इथे मात्र वकील गाठा.

> सावधान: "त्यापेक्षा मुखत्यारपत्र करून टाकू" असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. मुखत्यारपत्र देणाऱ्याला त्याचा अर्थ कळावा लागतो. ज्याला कळत नाही त्यानं दिलेलं मुखत्यारपत्र पहिल्या दिवसापासून पोकळ. आणि शुद्धीत असताना दिलेलं साधं मुखत्यारपत्रसुद्धा देणाऱ्याची समज गेली की संपतं.

## टप्पा २: पालकत्व खरंच हवं का, आणि नेमकं कशासाठी

समितीनं दोन गोष्टी तपासाव्यात असं कायद्यातच आहे: या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि कोणत्या कामांसाठी. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक अर्जांत 'मुलाच्या उज्ज्वल भवितव्यासाठी' असं असतं. त्यातून समितीला काहीच कळत नाही.

त्याऐवजी कामं लिहा. आमच्या तिसऱ्या अर्जात होतं: बचत खातं चालवणे, आजीनं त्याच्या नावे ठेवलेल्या मुदत ठेवीचं नूतनीकरण, हृदयाच्या तपासण्या व शस्त्रक्रियेसाठी संमती, वडिलांच्या पश्चात मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन. चार ओळी. बैठकीत या चार ओळींवरच बोलणं झालं आणि पटकन झालं.

पहिला प्रश्नही टाळू नका. सेरेब्रल पाल्सी असलेली, पदवीधर, व्हीलचेअरवर बसून शिकवण्या घेणारी मुलगी आणि तिचे वडील माझ्याकडे आले होते. हात थरथरतो, सही जुळत नाही, म्हणून बँकेनं पालकत्व आणायला सांगितलं. तिला पालकाची काय गरज? जिला व्यवहार कळतो तिनं अंगठा उठवावा. दोन स्वतंत्र साक्षीदारांनी, ज्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, ओळख पटवली की बँकेत अंगठा चालतो. २०१६ च्या कायद्यानं दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता मान्य केली आहे. सोय म्हणून ती कुणाच्या हातात देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या वडिलांना ते आवडलं नाही. मुलीला आवडलं.

## टप्पा ३: नाव कुणाचं द्यायचं

क्रम असा: आधी आईवडील, ते नसतील तर सख्खी किंवा सावत्र भावंडं, मग इतर नातेवाईक, आणि शेवटी नोंदणीकृत संस्था.

आईवडील दोघे असतील तर अर्ज दोघांचा मिळून. एकट्यानं करायचा तर दुसरा का नाही ते कागदानं दाखवावं लागतं: मृत्यू दाखला, घटस्फोटाचा हुकूमनामा, न्यायालयीन विभक्ततेचा आदेश, सोडून गेल्याचा पुरावा किंवा शिक्षेचा निकाल. 'नवरा दुबईला नोकरीला आहे' हे कारण यात बसत नाही. त्याला सुट्टीवर येऊन सही करू द्या. एक भाऊ एकटा अर्ज करत असेल तर बाकीची भावंडं का सामील नाहीत हे वेगळ्या कागदावर लिहावं लागतं, आणि त्यांची ना-हरकत बहुतेक ठिकाणी मागतात. ती आधीच घेऊन ठेवा. बैठकीच्या आदल्या रात्री नागपूरच्या बहिणीची सही मिळत नाही.

होणारा पालक भारताचा नागरिक असावा लागतो. मराठी घरांतली ही आजकालची मोठी अडचण. थोरला अमेरिकेत, नागरिकत्व घेतलेला, पैसे तोच पाठवतो, तेव्हा त्याचंच नाव घालू असं आईवडिलांना वाटतं. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, त्याचं नाव चालणार नाही. पारपत्र अजून भारताचं असेल तर नियमात बसतो, पण 'रोज जवळ कोण राहणार' या प्रश्नाला उत्तर तयार ठेवा.

आणखी अटी: त्याला गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, दिवाळखोर ठरलेला नसावा, स्वतःच्या पोटासाठी दुसऱ्यावर अवलंबून नसावा, मानसिक आजारावर उपचार चालू नसावेत.

मुलीसाठी अर्ज असेल तर एकट्या पुरुष नातेवाइकाचं नाव देऊ नका. भावाबरोबर वहिनीचं नाव घाला. नियमात मुख्य सहपालक तिलाच धरलं आहे, त्यामुळे वहिनीला विचारल्याशिवाय अर्ज भरणं शहाणपणाचं नाही. हे सांगावं लागतं, कारण न विचारता भरलेले अर्ज मी पाहिले आहेत.

> थांबून तपासा: ज्यांचं नाव देताय त्यांना आठव्या टप्प्यातल्या हिशेबाची कल्पना दिली आहे का? नसेल तर आधी ती द्या, सही नंतर.

## टप्पा ४: कागद (सगळ्यात जास्त वेळ इथे घाला)

आमची फाइल पहिल्यांदा परत आली ती नावामुळे. दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी लेक सहा वर्षांचा असताना आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो होतो, तेव्हा फॉर्म शेजारच्या काकांनी भरला आणि नावाच्या रकान्यात घरचं नाव लिहिलं. बारा वर्षं कुणाला खटकलं नाही. मग एका कारकुनानं तीन कागद शेजारी शेजारी ठेवले, पेन्सिलीनं तीन वर्तुळं काढली आणि विचारलं, "यातला खरा कोण?"

तुम्हीही तेच करा. जन्मदाखला, आधार, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), दिव्यांगत्व प्रमाणपत्र, बँक पासबुक आणि शाळेचा दाखला जेवणाच्या टेबलावर एका ओळीत मांडा. पेन्सिल घ्या. प्रत्येक कागदावर चार गोष्टी पाहा: पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, पत्ता. मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगं. जिथे फरक तिथे वर्तुळ.

जन्मतारखेची तर आपल्याकडे वेगळीच गंमत. गावाकडच्या शाळेत गुरुजींनी घातलेली १ जून. पालकांची स्वतःची असते तशी मुलांचीही निघते. समितीच्या दृष्टीनं अठरा पूर्ण कधी झाली हे तारखेवर ठरतं, त्यामुळे हा फरक ठेवून अर्ज करू नका.

दुरुस्तीचा क्रम पाळा, नाहीतर फिरून त्याच रांगेत उभं राहाल:

१. जन्मदाखला. नसेल किंवा चुकीचा असेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत. पुढचं सगळं यावर उभं राहतं.

२. आधार. नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. म्हणून जन्मदाखला हातात आल्याशिवाय आधार केंद्रावर जाऊ नका. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्यानं करायची असते. आपल्या मुलांची ती हमखास राहून जाते, मग बँकेत ठसा जुळत नाही. एका फेरीत दोन्ही करा. गर्दी आणि कॅमेऱ्याचा प्रकाश त्रास देत असेल तर सकाळी पहिला नंबर घ्या.

३. युडीआयडी आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्र. यात तीन जागा पाहा. एक, प्रमाणपत्र तात्पुरतं आहे का आणि मुदत संपली आहे का. दोन, फोटो. सहाव्या वर्षीचा फोटो आणि समोर मिशी फुटलेला मुलगा, असं चालत नाही. तीन, निदानाची ओळ, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. आमच्या जुन्या प्रमाणपत्रावर नुसतं 'डाउन सिंड्रोम' होतं. कायद्यात तो शब्द नाही. 'बौद्धिक अक्षमता' असं लिहिलेलं हवं होतं. दुसऱ्यांदा फाइल परत आली ती यासाठी. फिट्स, थायरॉईड, हृदयाला छिद्र हे सगळं खरं असलं तरी समितीला अधिकार मिळतो तो पहिल्या टप्प्यातल्या चार प्रकारांपैकी एक प्रमाणपत्रावर असेल तरच.

४. सगळ्यात शेवटी बँक पासबुक.

जुन्या कागदावरचं नाव दुरुस्तच होत नसेल तर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र जोडा. पण ते शेवटचा उपाय म्हणून. एका फायलीत अशी तीन प्रतिज्ञापत्रं दिसली की वाचणाऱ्याच्या कपाळावर आठी येते.

यानंतर होणाऱ्या पालकांची ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा, फोटो, मुलासोबतचा एकत्र फोटो आणि मुलाच्या नावे जे काही आहे त्याची साधी यादी. काही जिल्ह्यांत शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, पोलिसांचा चारित्र्य दाखला असं आणखी मागतात. आपल्या जिल्ह्याची यादी समितीच्या कार्यालयातून लेखी आणा. व्हॉट्सअॅपवर फिरणारी दुसऱ्या जिल्ह्याची यादी धरून चालू नका.

> एक अवांतर सूचना: राष्ट्रीय न्यासाचीच 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंतची. तिला पालकत्व प्रमाणपत्र लागत नाही. पालकत्व मिळेपर्यंत ती अडवून ठेवणारे बरेच जण आहेत. आजच भरा.

## टप्पा ५: अर्ज भरणे आणि देणे

अर्जाचा नमुना 'अ'. राष्ट्रीय न्यासाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो, पण छापील प्रत आणि मूळ कागद दाखवावे लागतील असं धरूनच चला.

- अर्ज मूल राहतं त्या जिल्ह्यात करायचा. मूळ गाव साताऱ्याचं, मुलगा पुण्यात तुमच्यापाशी, तर पुणे. वसतिगृहात असेल तर कार्यालयात आधी विचारून घ्या, पत्त्याचा पुरावा कुठला लावायचा ते त्यावर ठरतं.
- रकाना रिकामा ठेवू नका. 'लागू नाही' लिहा.
- एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईनं भरा.
- होणाऱ्या पालकाची संमतीची सही आणि साक्षीदारांच्या सह्या विसरू नका. साक्षीदार घराबाहेरचे आणि फोन उचलणारे घ्या.
- उद्देशाच्या जागी दुसऱ्या टप्प्यातल्या ओळी उतरवा. जागा कमी पडली तर पुरवणी कागद जोडा.

संस्थेमार्फत अर्ज देत असाल तरी स्वतः जाऊन पोच घ्या. छायाप्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. "मॅडमकडे ठेवलाय" ही पोच नव्हे. आमच्या गटातल्या एकांचा अर्ज असाच आठ महिने कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये होता आणि ते मात्र बैठकीची वाट पाहत होते.

## टप्पा ६: गृहभेट आणि बैठक

समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिघं असतात. बऱ्याच ठिकाणी डॉक्टर व समाजकल्याणचे अधिकारी बोलावलेले असतात. बैठक किमान तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी असं कायदा म्हणतो. अर्ज बैठकीच्या चार दिवस आधी दिलात तर तो पुढच्या बैठकीत जाणार, हे गृहीत धरा. निवडणुका, पूर, टंचाई असली की जिल्हाधिकाऱ्यांचं वेळापत्रक हलतंच. तीन महिने उलटले तर आवक क्रमांक घालून लेखी स्मरणपत्र द्या. त्यानंतरही हालचाल नसेल तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून 'माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली' एवढंच विचारा.

गृहभेट झाली तर घर दाखवायला फार आवरू नका. मुलगा झोपतो कुठे, औषधं कुठे असतात, दिवसभर करतो काय, हे त्यांना पाहायचं असतं. औषधांचा डबा आणि डॉक्टरांची फाइल हाताशी असू द्या.

बैठकीला मुलाला न्यायचंच. सोबत पाणी, खाऊ, आवाज सहन होत नसेल तर हेडफोन. आणि त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका! ही चूक आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. आमच्या लेकाला माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोण?" मी तोंड उघडणार तेवढ्यात तो म्हणाला, "आई. तो पंखा बंद आहे." खरंच बंद होता. साहेबांनी शिपायाला पंखा लावायला सांगितला आणि पुढची पाच मिनिटं लेक त्यांच्याशीच बोलत होता. मला कुणी काही विचारलं नाही.

> थांबून तपासा: मूळ कागद एका पिशवीत, छायाप्रती दुसरीत. दोन्हींचा क्रम एकच. कुणी 'तो दाखला दाखवा' म्हटलं की दहा सेकंदांत निघायला हवा.

## टप्पा ७: प्रमाणपत्र हातात आल्यावर

प्रमाणपत्राचा नमुना 'ब'. कार्यालयाच्या बाहेर पडायच्या आधी वाचा. दोघा पालकांची नावं, मुलाचं नाव, स्पेलिंग, दिव्यांगत्वाचा प्रकार, आणि पालकानं कोणत्या जबाबदाऱ्या पार पाडायच्या ती अट. चूक असेल तर तिथल्या तिथे सांगा. महिन्यानं गेलात तर ती पुन्हा नवी फाइल होते.

मग बँक. स्थानिक स्तर समितीचं पालकत्व प्रमाणपत्र ग्राह्य धरा, असं रिझर्व्ह बँकेनं २००७ मध्येच सगळ्या बँकांना कळवलं आहे. तरी शाखेत 'कोर्टाची ऑर्डर आणा' ऐकू येतं. वाद घालू नका. 'प्रमाणपत्र का स्वीकारत नाही ते लेखी द्या' असा अर्ज द्या आणि पोच घ्या. बहुतेक वेळा इथेच काम होतं. नाही झालं तर बँकेच्या तक्रार कक्षाकडे, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

खातं मुलाच्या नावावर, तुम्ही पालक म्हणून. तुमच्या खात्यात त्याचे पैसे वळवून 'आपलंच तर आहे' म्हणू नका. पुढच्या टप्प्यात ते अंगाशी येतं.

आईवडिलांपैकी कुणाला निवृत्तिवेतन असेल तर दिव्यांग अपत्याचं नाव निवृत्तिवेतनाच्या कागदांत स्वतःच्या हयातीतच नोंदवून घ्या. नंतर ते करायला कुणीतरी धावतं, आणि बहुधा ते तुमचं दुसरं मूल असतं.

> सावधान: मुलाच्या नावची जमीन किंवा सदनिका विकायची वेळ आली तर नुसत्या या प्रमाणपत्रावर व्यवहार ठरवू नका. इसार घेण्याआधी वकिलाला कागद दाखवा आणि न्यायालयाची परवानगी घ्यायची का ते विचारा. इसार घेतला आणि दुय्यम निबंधकाकडे दस्त अडला, तर खरेदीदार तुमच्या दारात बसतो.

## टप्पा ८: सहा महिने आणि ३० जून

हा टप्पा जवळजवळ कुणीच करत नाही. प्रमाणपत्र लॅमिनेट करून कपाटात ठेवतात आणि विसरतात. (लॅमिनेट करूही नका, मागच्या बाजूला शिक्का मारायला जागा राहत नाही.)

कलम १६ खाली दोन कामं आहेत. नेमणुकीपासून ६ महिन्यांच्या आत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची: स्थावर, जंगम, येणी, देणी सगळं. आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत, वर्षाचा हिशेब. दोन्ही समितीकडे, दोन्हींची पोच घ्यायची. मुलाच्या नावे काहीच नसेल तर 'निरंक' असं लिहून द्या. न देण्यापेक्षा निरंक बरं.

मी दोनशे पानी वही ठेवली आहे. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, पावती स्टेपलरनं त्याच पानाला. नोंद अशी: '१२ ऑगस्ट, बूट, ८५०, रोख.' बूट कुणाचे हे पाच वर्षांनी आठवत नाही, म्हणून आता 'त्याचे बूट' असं लिहिते. खात्यातून काढलेली रोकड आणि वहीतला खर्च महिन्याला एकदा जुळवायचा. वर्षअखेरीला बसलात तर दिवाळीतल्या चार हजारांचा माग लागत नाही.

हा हिशेब तुमच्याच बचावासाठी आहे. पालक मुलाकडे दुर्लक्ष करतो, छळतो किंवा त्याच्या पैशांची अफरातफर करतो, असा अर्ज कुणीही नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था समितीकडे करू शकते, आणि आरोप खरा ठरला तर पालकत्व काढून घेतलं जातं. भाऊबंदकीत असे अर्ज खोटेही होतात. त्या दिवशी वही आणि पोचा टेबलावर ठेवायला हव्यात.

## टप्पा ९: आपल्यानंतरची तयारी

'मृत्युपत्रात लिहून ठेवलंय, माझ्यामागे धाकटी त्याची पालक.' अज्ञान मुलासाठी मृत्युपत्रानं पालक नेमता येतो. सज्ञान मुलासाठी तसं होत नाही. तुमचं पालकत्व वारशानं कुणाकडे जात नाही. धाकटीला समितीकडे नव्यानं अर्ज करावा लागेल. मृत्युपत्रातली ती ओळ तुमची इच्छा म्हणून तिच्या अर्जाला जोडता येईल, एवढाच तिचा उपयोग.

पैशांचं वेगळं पाहा. मोठी रक्कम किंवा घर थेट मुलाच्या नावे ठेवलंत तर ती सांभाळायला पालक लागणार, आणि नवा पालक नेमला जाईपर्यंत सगळं गोठून राहणार. म्हणून काही कुटुंबं भारतीय विश्वस्त कायदा, १८८२ खाली मुलासाठी खासगी न्यास (ट्रस्ट) करतात. विश्वस्त दोन-तीन, त्यात एक घराबाहेरचा. खर्च किती आणि कशावर ते न्यासाच्या विलेखात (दस्तात) लिहायचं. मालमत्ता थोडी असेल तर एवढा खटाटोप करू नका.

आमच्याकडे मोठ्या लेकीचा नमुना 'अ' आत्ताच भरून ठेवला आहे. तारीख आणि सही तेवढी कोरी. सोबत भावाचा जन्मदाखला, आधार, युडीआयडीची प्रत, आमच्या प्रमाणपत्राची रंगीत प्रत, आठ वर्षांच्या हिशेबाच्या पोचा आणि एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर समितीच्या कार्यालयाचा मजला आणि खोली क्रमांक. ही फाइल तिच्या घरी आहे, आमच्या नाही. दर जुलैत, हिशेबाची पोच मिळाली की तिची प्रत तिला पाठवते. यंदाची अजून पाठवायची आहे.